तीन आपत्ती आणि तीन महास्थापत्ये

(अभियंता दिनानिमित्त स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो. विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, त्यांच्या सेवेचा प्रारंभ मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात झाला आणि त्यांनी योजलेली पाण्याची स्वयंचलित दारे प्रथम खडकवासल्याच्या धरणावर बसली. तेव्हा आजच्या दिवसाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. अशा दिवशी ‘जगातील आधुनिक स्थापत्याचे विक्रम’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे.

विक्रमांची नुसती यादी सांगावयाची तर ती फार काळ टिकत नाही. जपानमधील सेइकान बोगदा १९८८ साली जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा ठरला. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील गोटहार्डच्या पायथ्याच्या बोगद्याने त्याला मागे टाकले. जपानमधीलच आकाशी कायक्यो पुलाचा मधला गाळा १९९८ साली जगातील सर्वांत मोठा होता. २०२२ मध्ये तुर्कस्तानातील चानाक्कले येथील पुलाने तोही मान घेतला. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. म्हणून आज मी लांबी-उंचीच्या आकड्यांपेक्षा निराळ्या दृष्टीने तीन कामांचा विचार करणार आहे. ही कामे का झाली, ती पुरी व्हावयास किती वर्षे लागली आणि त्या वर्षांत मूळ हेतू कसा जिवंत राहिला, हे आपण पाहू.

ही तिन्ही कामे पाण्याशी निगडित आहेत आणि तिन्हींच्या मागे एकेक मोठी दुर्घटना आहे. या दुर्घटना लागोपाठच्या तीन वर्षांत घडल्या. १९५३ साली नेदरलँड्समध्ये समुद्र बांध फोडून आत शिरला. १९५४ साली उत्तर जपानच्या समुद्रात प्रवासी जहाज बुडाले. १९५५ साली दक्षिणेकडील जपानच्या अंतर्गत समुद्रात धुक्यामध्ये दोन जहाजांची टक्कर झाली. या तिन्ही प्रसंगी शोक झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, चौकशा झाल्या. असे सर्वत्रच होते. पुढे जे घडले, ते मात्र सर्वत्र घडत नाही.

समुद्र आत शिरला तेव्हा

नेदरलँड्सची सुमारे चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. ऱ्हाइन, मास आणि स्खेल्ड या नद्या नैर्ऋत्य भागात समुद्राला मिळतात. तेथे खाड्या आणि बेटे यांचे जाळे झालेले असून बांध घालून समुद्र बाहेर ठेवावयाचा व आत शेती करावयाची, हा तेथील लोकांचा शतकानुशतकांचा क्रम आहे. कोकणात खाडीचे खारे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून आपण खारबंदिस्तीचे बांध घालतो. तत्त्व तेच, तिकडे मात्र अवघा प्रदेश त्या बांधांच्या भरवशावर जगतो.

३१ जानेवारी १९५३ ची रात्र शनिवारची होती. समुद्राला उधाणाची भरती होती आणि त्याच वेळी वायव्येकडून आलेल्या वादळाने उत्तर समुद्राचे पाणी दक्षिणेच्या अरुंद टोकाकडे लोटले. लाटा बांधांच्या माथ्यावरून आतल्या बाजूला कोसळू लागल्या. बांधांची समुद्राकडील बाजू भक्कम केलेली असे. आतील उतार मातीचाच असे. तो आतून धुपत गेला आणि पाठीमागून पोकळ झालेले बांध एकामागून एक फुटले. रात्री नभोवाणीचे कार्यक्रम बंद असत, त्यामुळे झोपलेल्या गावांना इशारा पोचला नाही. रविवारी दुपारी पुन्हा भरती आली तेव्हा रात्रभर छपरांवर बसून तग धरलेली पुष्कळ माणसे त्या दुसऱ्या लोंढ्यात गेली. नेदरलँड्समधील मृतांची संख्या १,८३६ इतकी होती.

त्या रात्रीचा एक प्रसंग तेथे आजही सांगतात. रॉटरडॅमजवळच्या एका बांधाच्या पाठीशी लक्षावधी लोकांची वस्ती होती. पहाटे त्या बांधाला खिंडार पडले. तेव्हा एका नावाड्याने आपले मालवाहू गलबत हाकारून त्या खिंडारातच आडवे घातले. गलबताने बुचासारखे काम केले आणि बांध वाचला. या कृतीचे स्मारक तेथे उभारलेले आहे. परंतु एका नावाड्याच्या प्रसंगावधानावर देशाचे रक्षण सोपवता येत नाही, हेही त्या रात्रीने दाखवून दिले.

ही आपत्ती सर्वस्वी अनपेक्षित होती, असे मात्र म्हणता येत नाही. तेथील जलव्यवस्थापन खात्यातील योहान व्हान व्हेन या अभियंत्याने बांधांची उंची अपुरी असल्याचे पुराच्या कितीतरी आधीपासून सांगितले होते. महायुद्ध आणि युद्धोत्तर पुनर्बांधणी यांच्या धामधुमीत ते काम मागे पडले होते. पुरानंतर तीन आठवड्यांच्या आत सरकारने ‘डेल्टा आयोग’ नेमला आणि व्हान व्हेन त्याचे सचिव झाले. इशारा देणाऱ्यालाच उपायाच्या कामावर बसवण्याचा हा शहाणपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आयोगाने दोन मूलभूत प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा की, शेकडो किलोमीटर लांबीचे सर्व बांध उंच करण्याऐवजी खाड्यांची मुखेच बंद केली तर? तसे केल्यास समुद्राला तोंड देणारा किनारा सुमारे ७०० किलोमीटरनी कमी होणार होता. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता : सुरक्षितता म्हणजे किती? त्यासाठी डेव्हिड व्हान डान्त्सिख या गणितज्ञाने बांध उंच करण्याचा खर्च आणि पूर आल्यास होणारे नुकसान यांची संभाव्यतेच्या आधारे तुलना केली. त्यातून मध्य हॉलंडसाठी जे मान ठरले ते असे : कोणत्याही एका वर्षात बांधांच्या क्षमतेबाहेरचा पूर येण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढीच असावी. ‘आजवर आलेल्या सर्वांत मोठ्या पुराहून हातभर उंच’ हा बांधणीचा जुना रिवाज त्या दिवशी संपला. १९५८ साली यासंबंधीचा कायदा झाला आणि कामांची मालिका सुरू झाली.

पुढील बारा-तेरा वर्षांत लहान खाड्यांपासून प्रारंभ करून एकेक मुख बंद होत गेले. सोप्या कामात हात बसवून मग अवघड कामाकडे वळावयाचे, असा तो क्रम होता. अखेरचे आणि सर्वांत मोठे मुख होते ओस्टरस्खेल्ड या खाडीचे, सुमारे नऊ किलोमीटर रुंदीचे. तेथेही भरीव धरण घालावयाचे ठरले होते, कृत्रिम बेटे तयार झाली होती आणि सुमारे पाच किलोमीटरचा भराव पडलाही होता. येथे विरोध उभा राहिला. या खाडीत शिंपले आणि कालवे पोसणारे कोळी पिढ्यानपिढ्या जगत होते. भरती-ओहोटी थांबली की त्यांचा धंदा संपणार होता आणि पक्षी, मासे, वनस्पती यांचे एक संपन्न जग नष्ट होणार होते. दुसऱ्या बाजूला १९५३ मध्ये ज्यांची माणसे गेली होती, ते लोक ‘आता आणखी विलंब नको’ म्हणत होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते आणि दोन्ही बाजूंना गमावण्यासारखे पुष्कळ होते.

सरकारने काम थांबवून नव्याने चौकशी केली. १९७४ ते १९७६ या काळात मूळ योजना बदलण्याचा निर्णय झाला. भरीव धरणाऐवजी दारे असलेला अडसर बांधावयाचा, दारे एरवी उघडी ठेवून भरती-ओहोटी चालू द्यावयाची आणि वादळाच्या वेळी तेवढी बंद करावयाची, असे ठरले. हे सांगावयास सोपे, पण अशा काम्याला पूर्वीचा नमुना नव्हता आणि खर्चही पुष्कळ वाढणार होता.

अडचण पायाची होती. खाडीचा तळ म्हणजे सुटी वाळू, आणि तिच्यावर प्रचंड वेगाने वाहणारे भरतीचे पाणी. यासाठी खास जहाजे बांधण्यात आली आणि त्यांना समुद्रातील शिंपल्यांच्या जातींची नावे देण्यात आली. ‘मिटिलस’ने कंप पावणाऱ्या सुया तळात खुपसून वाळू घट्ट केली. ‘कार्डियम’ने त्या वाळूवर वाळू आणि खडी भरलेल्या गाद्या अंथरल्या. प्रत्येक गादी २०० मीटर लांब, ४२ मीटर रुंद आणि सुमारे हातभर जाडीची. पाणी त्यांतून झिरपावे, पण वाळूचा कण निसटू नये, अशी त्यांची रचना होती. काँक्रीटचे ६५ खांब कोरड्या गोदीत ओतून तयार केले होते. सर्वांत मोठ्या खांबाचे वजन सुमारे १८,००० टन आणि ते उचलणाऱ्या ‘ओस्ट्रेआ’ जहाजाची शक्ती १०,००० टन! गोदीत पाणी सोडून खांब अर्धेअधिक बुडवले, तेव्हा उरलेला भार पाण्यानेच उचलला. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा सिद्धांत येथे एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामी आला. खांबांच्या मधून ६२ पोलादी दारे बसली. प्रत्येक दार सुमारे ४२ मीटर रुंद. ४ ऑक्टोबर १९८६ रोजी राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते या अडसराचे उद्घाटन झाले. आपत्तीनंतर तेहतीस वर्षे लोटली होती.

रॉटरडॅम बंदराकडे जाणारा जलमार्ग जहाजांसाठी खुला ठेवणे भाग होते. तेथे १९९७ मध्ये मास्लांट अडसर पुरा झाला. दोन्ही काठांवर प्रत्येकी २१० मीटर लांबीचे वक्राकार दार आहे. वादळाचे अनुमान आले की ती दोन्ही दारे तरंगत मध्यभागी येतात व पाणी भरून तळाशी बसतात. दारे केव्हा लावावयाची हे संगणक ठरवतो. नोव्हेंबर २००७ मध्ये वादळामुळे ती प्रथम मिटली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाणी ठरलेली मर्यादा गाठणार असे दिसताच यंत्रणेने ती आपण होऊन मिटली.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्ण बंद केलेल्या काही खाड्यांत पाणी साचून बिघडले. त्यांपैकी एकीत २००४ साली पुन्हा समुद्राचे पाणी खेळवण्याची सोय करावी लागली. हारिंगव्ह्लीटच्या धरणाची दारे माशांच्या येण्याजाण्यासाठी २०१८ पासून थोडी उघडी ठेवण्यात येतात. ओस्टरस्खेल्डमध्ये प्रवाह मंदावल्यामुळे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पुळणी झिजत आहेत आणि बाहेरून वाळू आणून त्या भरून काढाव्या लागतात. पाण्याशी केलेला कोणताही करार कायमचा नसतो, त्याच्या अटी पुन्हा पुन्हा ठरवाव्या लागतात.

समुद्राच्या तळाखालून

आता आपण जपानकडे वळू. होन्शू हे जपानचे मुख्य बेट आणि उत्तरेकडील होक्काइदो यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. २६ सप्टेंबर १९५४ रोजी एक तुफान या भागावर आले. मधल्या काळात वारा पडला, आकाश निवळले आणि वादळ सरले असे समजून ‘तोया मारू’ हे रेल्वेचे प्रवासी जहाज हाकोदाते बंदरातून निघाले. वादळ सरले नव्हते. जहाज उपसागरातच उलटले आणि त्यावरील साडेअकराशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री तेथे एकूण पाच जहाजे बुडाली आणि मृतांचा आकडा चौदाशेच्या वर गेला.

सामुद्रधुनीखालून बोगदा काढावा, ही कल्पना नवी नव्हती. पाहणी १९४६ सालीच सुरू झाली होती. या दुर्घटनेने त्या कल्पनेला निकड आणली. १९६४ साली होक्काइदोच्या बाजूने तिरका बोगदा खणण्यास प्रारंभ झाला. मुख्य बोगद्याचे काम १९७१ मध्ये सुरू झाले आणि १३ मार्च १९८८ रोजी पहिली गाडी धावली. बोगद्याची लांबी ५३.८५ किलोमीटर, पैकी २३.३ किलोमीटर समुद्राखाली. सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीपासून २४० मीटर खाली, म्हणजे समुद्रतळाच्याही १०० मीटर खाली आहे.

येथील खडक ज्वालामुखीजन्य आणि प्रस्तरभंगांनी चिरफळलेला. डोक्यावर सारा समुद्र. पूर्ण छेद एकदम कापणारी यंत्रे तेथे चालली नाहीत. सुरुंग लावून पावलापावलाने पुढे जावे लागले. मुख्य बोगद्याच्या आधी एक लहान मार्गदर्शक बोगदा आणि बाजूला एक सेवा-बोगदा खणला. मार्गदर्शक बोगद्यातून पुढील खडकात लांब आडवी छिद्रे पाडून ‘पुढे काय आहे’ हे आधी पाहावयाचे, मग भोवतालच्या खडकात सिमेंट व सोडियम सिलिकेटचे मिश्रण दाबाने भरून भेगा बुजवावयाच्या आणि मगच खणावयाचे, हा तेथील नियम झाला. एवढी दक्षता घेऊनही चार वेळा पाणी मोठ्या प्रमाणावर आत घुसले. १९७६ च्या मे महिन्यात तर दर मिनिटाला येणारे पाणी दहादहा टनांच्या हिशेबाने मोजावे लागले आणि सेवा-बोगद्याचा बराच भाग सोडून मागे यावे लागले. कामगारांनी पाणी हटवले, तो भाग वळसा घालून पार केला आणि खणणे चालू ठेवले. मार्गदर्शक बोगद्याची दोन टोके जानेवारी १९८३ मध्ये एकमेकांस मिळाली. या कामात ३४ जणांनी प्राण वेचले.

आणि मग एक विलक्षण प्रश्न पुढे आला. जे काम पुरे व्हावयास एवढी वर्षे लागली, त्या वर्षांत विमान प्रवास स्वस्त आणि सोयीचा झाला होता. होक्काइदोला जाणारे प्रवासी आता आकाशमार्गे जात होते. एवढा पैसा आणि एवढे प्राण खर्चून काय मिळवले, असा सवाल जपानमध्येच विचारला गेला. तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर दोन गोष्टींनी दिले. बोगदा सुरू झाला त्याच दिवशी त्या सामुद्रधुनीतील रेल्वेची जहाजसेवा संपली. होक्काइदोचे बटाटे-कांदे आणि इतर माल वादळाची पर्वा न करता रेल्वेने जाऊ लागला. शिवाय बोगदा आखतानाच त्याचा आकार आणि चढ-उतार शिंकान्सेन या अतिजलद गाडीच्या मापाचे ठेवले होते. ती गाडी बोगद्यातून प्रत्यक्ष धावली २६ मार्च २०१६ रोजी, अठ्ठावीस वर्षांनंतर. ज्यांनी ते माप ठरवले त्यांपैकी कितीतरी जण ती पाहावयास हयात नसतील. बोगद्यात झिरपणारे पाणी मात्र आजही अहोरात्र उपसावे लागते. पंप थांबले तर बोगदा हळूहळू समुद्राचा होईल.

पुलाखालची जमीन हलली तेव्हा

तिसरी दुर्घटना ११ मे १९५५ ची. होन्शू आणि शिकोकू या बेटांमधील समुद्रात, ताकामात्सु बंदराजवळ, दाट धुक्यात ‘शिउन मारू’ या प्रवासी जहाजाची मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. १६८ जण बुडाले. त्यांत शंभर शाळकरी मुले होती. ती शाळेच्या सहलीला निघालेली होती. होन्शू आणि शिकोकू पुलाने जोडावेत, ही मागणी त्यानंतर थांबली नाही. १९७० साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. १९७३ च्या तेलसंकटामुळे कामाचा प्रारंभ लांबणीवर पडला, पण योजना रद्द झाली नाही. ज्या पट्ट्यात ते जहाज बुडाले, त्या मार्गाला समांतर असा सेतो महासेतू एप्रिल १९८८ मध्ये खुला झाला. या साखळीतील सर्वांत साहसी दुवा म्हणजे कोबेजवळचा आकाशी कायक्यो पूल. त्याचे काम १९८८ मध्ये सुरू झाले.

आकाशीची सामुद्रधुनी जगातील अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे. प्रवाह सेकंदाला चार मीटरांहून वेगवान, तुफानांचा मार्ग, भूकंपाचा प्रदेश. म्हणून मधल्या गाळ्यात एकही खांब न ठेवता सुमारे दोन किलोमीटरचा झुलता पूल आखला गेला. मनोऱ्यांच्या पायासाठी सुमारे ८० मीटर व्यासाची, आपल्याकडील विहीर-पायासारखी, दुहेरी भिंतींची पोलादी नळकांडी गोदीत बांधून तरंगत आणली आणि खणून तयार केलेल्या तळावर बुडवली. समुद्रात काँक्रीट ओतावयाचे तर ते पाण्यात विरून जाते. यासाठी पाण्यात न विरणारे निराळे काँक्रीट वापरले. मनोरे समुद्रावर जवळजवळ ३०० मीटर उंच आहेत. प्रत्येक मुख्य दोरात ३६,८३० पोलादी तारा असून पुलातील सर्व तारा एकापुढे एक ठेवल्यास त्या पृथ्वीला सुमारे साडेसात वेढे घालतील. पहिला मार्गदर्शक दोर हेलिकॉप्टरने ओढून नेला. त्यामुळे जहाजांची वाहतूक बंद करावी लागली नाही.

झुलत्या पुलांना वाऱ्याचे भय कसे असते, हे अमेरिकेतील टॅकोमा येथील पुलाने १९४० साली जगाला शिकवले. उद्घाटनानंतर चार महिन्यांतच तो मध्यम वाऱ्यात पिळवटून कोसळला. ती चित्रफीत तुम्ही पाहिली असेलच. आकाशीच्या अभियंत्यांनी शतांश प्रमाणाची प्रतिकृती वायुबोगद्यात ठेवून पुलाचे वर्तन तपासले आणि मनोऱ्यांच्या पोटात कंप शोषणारे लंबक बसवले.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात ७.३ महत्तेचा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. शहरातील हानशिन द्रुतमार्गाचा शेकडो मीटर लांबीचा उन्नत भाग खांबांसकट आडवा झाला. भूकंपाचे केंद्र आकाशीच्या सामुद्रधुनीच्या निकटच होते. त्या वेळी पुलाचे मनोरे उभे होते आणि दोर ताणलेले होते. रस्त्याचा सांगाडा अद्याप चढवावयाचा होता. पूल उभा राहिला. मोजणी केली तेव्हा आढळले की, खालची जमीनच सरकली असून मधला गाळा जवळजवळ एक मीटरने वाढला आहे. १,९९० मीटरचा गाळा १,९९१ मीटरचा झाला! अभियंत्यांनी पुढील भागांची मापे त्याप्रमाणे बदलली आणि ५ एप्रिल १९९८ रोजी पूल वाहतुकीस खुला केला. या साऱ्या पुलांवर अपेक्षेइतकी वाहतूक न झाल्यामुळे कर्जाचा मोठा बोजा जपानच्या शासनाला उचलावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. धुक्यातून बोटीने जाणे मात्र आता कोणाही मुलाला अपरिहार्य राहिलेले नाही.

आपल्यासाठी अर्थ

मित्रहो, या तिन्ही कामांत एक समान सूत्र आहे. आपत्तीची आठवण माणसाच्या मनात फार काळ टिकत नाही. दहा वर्षांत ती पुसट होते आणि एका पिढीत कथा बनते. ही कामे पुरी व्हावयास मात्र तीस-चाळीस वर्षे लागली. मंत्रिमंडळे बदलली, पैशाची चणचण आली, योजना बदलाव्या लागल्या. तरी ती आठवण कायद्यात, आयोगात, संकल्पचित्रांत आणि मापांत नोंदलेली होती म्हणून टिकली. ज्याचा विसर पडणे समाजाला परवडणारे नाही, ते दगड, पोलाद आणि नियम यांच्या रूपाने जतन करणे हे स्थापत्यशास्त्राचे मोठे काम होय.

हे सूत्र आपल्या मातीतही आपण अनुभवले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुणे शहराची वाताहत झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दख्खनचे पठार स्थिर मानले जाई आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या संकल्पनात भूकंपाच्या धक्क्याचे जे मान धरले होते, त्याच्या कितीतरी पट धक्का त्या पहाटे बसला. धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, पण धरण उभे राहिले. भेगा बुजवून अतिरिक्त टेकूंनी त्याला बळकटी देण्यात आली. पुढे सांडव्याचा भागही भक्कम करण्यात आला. भूकंपासंबंधीच्या भारतीय मानक संहितेत १९७० साली सुधारणा झाली. कोयनेच्या त्या भेगांचा अभ्यास जगभरचे धरण-अभियंते आजही करतात. आपत्तीची आठवण संहितेत उतरली, ती अशी.

परंतु ही आठवण केवळ मोठ्या कामांपुरती पुरेशी नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटले आणि खालच्या वाडीतील माणसे झोपेच्या वेळी वाहून गेली. ते धरण जगाच्या कोणत्याही विक्रमाच्या यादीत कधी आले नसते. खालच्या घरांच्या दृष्टीने मात्र ते ओस्टरस्खेल्डच्या अडसराइतकेच मोलाचे होते. २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा अधिनियम संमत केला. त्या कायद्याला अर्थ येईल तो दर पावसाळ्यापूर्वी बांधावर जाऊन गळती पाहणाऱ्या, तिची नोंद करणाऱ्या आणि ती नोंद वर पोचेपर्यंत स्वस्थ न बसणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यामुळे.

तुमच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला दोन किलोमीटरचा पूल किंवा समुद्राखालचा बोगदा येईल. बहुतेकांच्या वाट्याला एखादा पाझर तलाव, जिल्हा मार्गावरील मोरी, गावचा पाणीपुरवठा, जुन्या धरणाची देखभाल अशी कामे येतील. योहान व्हान व्हेन यांनीही प्रारंभी बांधांची उंची मोजून ‘ही अपुरी आहे’ एवढेच तर सांगितले होते. ते वेळीच ऐकले गेले असते तर पुढील कामाला इतका शोक लागला नसता. मोजणे, खरे ते लिहून ठेवणे आणि ते पुन्हा पुन्हा सांगणे, ही शक्ती प्रत्येक अभियंत्याजवळ असते. तिचा उपयोग तुमच्या हातून आपत्तीच्या नंतर नव्हे, तर आपत्तीच्या आधी होवो, एवढीच आजच्या दिवशी सदिच्छा व्यक्त करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!